वायादोलिद पायी फिरताना : मक्याची भाकरी, भोपळ्याच्या बिया आणि 'मान्तेका'चा प्रश्न

मेक्सिकोच्या युकातान राज्यातलं वायादोलिद हे गाव कान्कून आणि मेरिदा यांच्या साधारण मधे पडतं. बहुतेक पर्यटक चिचेन इत्सा या प्राचीन माया नगरीला जाता-येता इथे तासभर थांबतात, चौकात फोटो काढतात आणि परत बसमध्ये चढतात. गावाच्या दृष्टीने ते बरंच आहे. बस गेल्यावर चौक पुन्हा शांत होतो. सपाट रस्ते, एकमजली रंगीत घरं, आणि पाहण्यासारखं जवळजवळ सगळं चौकापासून एक किलोमीटरच्या आत. दोन पूर्ण दिवस आणि एक रात्र जास्तीची, इतका वेळ दिला तर गाडीची गरज कुठेच लागत नाही.

शाकाहारी माणसाला इथे उपाशी राहावं लागत नाही, पण 'व्हेज' असं लिहिलेली पाटी शोधत फिरलात तर चार-दोन पर्यटकी हॉटेलांतल्या पास्त्यावर दिवस काढावे लागतील. इथल्या मूळ माया लोकांच्या स्वयंपाकाचा पाया मका, काळा घेवडा, भोपळ्याच्या बिया आणि टोमॅटो हा आहे. अडचण असते ती त्यात पडणाऱ्या चरबीची. ती कशी टाळायची ते पुढे येतं, आधी गावात पोचू.

पोचण्याआधी

तिकीट शोधताना 'वायादोलिद, युकातान' असंच टाका. स्पेनमध्ये याच नावाचं मोठं शहर आहे, त्याला विमानतळही आहे, आणि शोधयंत्र आधी तेच दाखवतं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. तरी निघण्याच्या आठवड्यात नियम एकदा पाहून घ्या.

कान्कूनहून आदेओ कंपनीच्या बसने दोन-अडीच तास, मेरिदाहूनही तेवढेच. आदेओचं स्थानक गावातच, चौकापासून दोन गल्ल्यांवर आहे, सामान ओढत चालत जाता येतं. २०२३च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या माया रेल्वेचं स्थानक मात्र गावाबाहेर आहे, तिथून टॅक्सी करावी लागते. पायी फिरायचं असेल तर बसच सोयीची.

राहायला चौक आणि सान बेर्नार्दिनो मठ यांच्या मधला भाग सर्वात सोयीचा. तिथल्या काल्सादा दे लोस फ्रायलेस या देखण्या रस्त्यावरच्या खोल्या महाग असतात, एक गल्ली आत गेलात की दर उतरतात. खोली घेताना दोन गोष्टी विचारा: पंखा आहे की एसी, आणि पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार ('गार्राफोन') भरून ठेवतात का. नळाचं पाणी पिऊ नका, चूळ भरायलाही जारचंच वापरा. जार असेल तर रोज बाटल्या विकत घ्याव्या लागत नाहीत.

पत्ता वाचायला शिका, नकाशा लागणार नाही

गाव चौकटीचं आहे. सम आकड्यांचे रस्ते उत्तर-दक्षिण, विषम आकड्यांचे पूर्व-पश्चिम. सम आकडे पश्चिमेकडे जाताना वाढतात, विषम आकडे दक्षिणेकडे. रस्त्याला 'काये' म्हणतात. मुख्य चौकाच्या उत्तरेला काये ३९, दक्षिणेला ४१, पूर्वेला ४०, पश्चिमेला ४२. एवढं पाठ झालं की कुठल्याही कोपऱ्यावर उभं राहून चौक कुठे आहे ते सांगता येतं. काये ३६ वर आहात? मग चौक पश्चिमेला दोन गल्ल्या.

पत्ते 'काये ४१ × ३८ इ ४०' असे लिहिलेले असतात. याचा अर्थ जागा काये ४१ वर आहे, ३८ आणि ४० यांच्या मधल्या तुकड्यात. फुलीचा उच्चार 'पोर', आणि 'इ' म्हणजे 'आणि'. घरक्रमांकाच्या मागे लागू नका, ते सलग नसतात. आडवे रस्ते कुठले तेवढं पाहा. सम रस्ता एकदम दोनने बदलतो (३८ नंतर ४०), कारण मधला आकडा आडव्या रस्त्यांचा असतो. नवख्याची पहिली चूक इथेच होते: '३९ झालं, आता पुढे ४०' म्हणत तो सरळ चालत राहतो.

सावलीचा हिशेब

वायादोलिद अकोल्याच्या अक्षांशावर आहे, दोन्हीकडे साधारण २०.७ अंश उत्तर. ऊन वऱ्हाडाचं आणि दमटपणा कोकणाचा, असं मिश्रण समजा. एप्रिल-मे टाळा. जून ते ऑक्टोबर पावसाळा. सर दुपारनंतर येते आणि अर्धा-पाऊण तास रस्त्यावरून पाणी वाहतं, तेव्हा पाण्यात चालणारी सँडल हवी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चालायचा काळ.

फूटपाथ अरुंद आणि उंच आहेत, झाडं जवळजवळ नाहीत, त्यामुळे सावली घरांच्या भिंतींचीच. थंडीच्या महिन्यांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून विषम (पूर्व-पश्चिम) रस्त्यांवर दक्षिणेकडच्या फूटपाथने चाला. सम रस्त्यांवर सकाळी पूर्वेकडचा फूटपाथ, दुपारनंतर पश्चिमेकडचा. घरं बुटकी असल्यामुळे सावलीची पट्टी हातभरच असते, पण तिच्यात आणि उन्हात बराच फरक पडतो. मे अखेरीस आणि जुलैच्या उत्तरार्धात बाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा हा हिशेब संपतो. त्या वेळी पाण्यात असावं.

त्यानुसार दिवस असा आखा: सकाळी ७ ते १०.३० चालणं, ११ ते १ सेनोते (गोड्या पाण्याचा नैसर्गिक डोह), मग जेवण आणि झोप, ५ नंतर पुन्हा बाहेर. माणशी किमान २ लिटर पाणी, टोपी, आणि संध्याकाळी डासांचं मलम. नुसतं पाणी पीत राहिल्याने डोकं जड होतं. चिमूटभर मीठ आणि लिंबू मिळेल तिथे घ्या, आणि लिंबू इथे प्रत्येक टेबलावर असतं.

पहिली सकाळ: चौक ते मठ

चौकापासून सुरुवात करा. मधल्या बागेत पांढऱ्या, इंग्रजी 'एस'च्या आकाराच्या जोडखुर्च्या आहेत. दोघं बसले की एकमेकांसमोर येतात, पण तोंडं विरुद्ध दिशांना. दक्षिणेच्या बाजूला सान सेर्वासियो चर्च. हे गाव स्पॅनिश लोकांनी १५४३ मध्ये आधी दुसरीकडे वसवलं होतं. तिथल्या दमटपणाला आणि डासांना कंटाळून १५४५ मध्ये ते झासी (सासी) या माया वस्तीच्या जागी आणलं. 'सासी' म्हणजे पांढरा ससाणा. माया इमारतींचे दगड काढून चर्च आणि घरं उभी राहिली. चर्चचं दार उत्तरेला का, हा प्रश्न जाणकाराला पडतो, कारण रिवाजाप्रमाणे ते पश्चिमेला हवं. १७०३ मध्ये चर्चमध्ये आसरा घेतलेल्या दोन माणसांना ओढून नेऊन मारलं गेलं. वास्तू विटाळली म्हणून बिशपच्या आदेशाने जुनं चर्च पाडलं गेलं आणि नवं बांधताना त्याचं तोंड फिरवलं.

पूर्वेच्या बाजूला नगरपालिकेची इमारत, वरच्या मजल्यावर गावाच्या इतिहासाची भित्तिचित्रं आहेत. दहा मिनिटं पुरतात.

आता काये ४१ ने पश्चिमेकडे निघा. थोड्याच वेळात पाच रस्ते एकत्र येतात, त्या जागेला 'सिंको कायेस' म्हणतात. तिथून नैर्ऋत्येला तिरका फुटणारा रस्ता म्हणजे काल्सादा दे लोस फ्रायलेस, साधूंचा रस्ता. चौकटीच्या गावातला हा एकच तिरका रस्ता चुकण्याचं कारण नाही, तरी काये ४१ वरच सरळ चालत राहणारे असतात. घरांचे रंग एकाएकी पिवळे-गुलाबी आणि नीटनेटके झाले नाहीत तर मागे फिरा. दगडी फरशी गुळगुळीत आहे, पाऊस पडून गेल्यावर घसरते.

रस्त्याच्या टोकाला सान बेर्नार्दिनो दे सिएना मठ. १५५२ ते १५६० या काळात बांधलेला, किल्ल्यासारख्या जाड भिंतींचा. चर्च पाहून बाहेर पडू नका. तिकीट काढून मागच्या बागेत जा. तिथे घुमट असलेली एक दगडी खोली आहे, तिच्या आत रहाट बसवलेला होता, आणि रहाटाखाली विहीर नाही, सेनोते आहे. युकातानच्या जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीत. पाऊस चुनखडीत मुरतो, पाणी खालून वाहतं, आणि जिथे चुनखडीचं छत कोसळतं तिथे गोड्या पाण्याचा डोह उघडा पडतो. मठ, वस्ती, शेती, सगळं त्या पाण्याच्या आधारे. १८४७ मध्ये मायांचा उठाव सुरू झाला आणि पुढच्या वर्षी त्यांनी वायादोलिद जिंकलं. या डोहाच्या तळाशी त्या काळच्या बंदुका सापडल्या आणि मठाच्या संग्रहालयात ठेवल्या आहेत.

चौकातून इथवर एक किलोमीटर, पंधरा मिनिटं. पाहायला दीड तास ठेवा. काही रात्री मठाच्या दर्शनी भिंतीवर प्रकाशाचा कार्यक्रम असतो, त्याचा दिवस तिकीट काढतानाच विचारून घ्या.

सेनोते सासी

चौकाच्या ईशान्य कोपऱ्यातून काये ३९ ने पूर्वेकडे दोन गल्ल्या, काये ३६. भर वस्तीत एक प्रचंड खड्डा, अर्धं छत शाबूत, वरून वेली लोंबताहेत, खाली हिरवं-काळं पाणी. उतरताना पायऱ्या ओल्या आणि असमान आहेत, चप्पल पट्ट्याची हवी. पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्यावाच लागतो आणि सनस्क्रीन लावलेलं चालत नाही, कारण ते तेल पाण्यावर तरंगतं आणि आतल्या माशांना बाधतं. म्हणून सकाळी सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. सुती कपड्यात पोहू नका. भिजून जड होतो आणि दमट हवेत दिवसभर वाळत नाही. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घ्या: कडेपासून दोन हातांवर पाय टेकत नाहीत आणि पाणी अपेक्षेपेक्षा गार असतं.

मान्तेका की मान्तेकिया

आता मुख्य विषय. 'मान्तेका' म्हणजे डुकराची चरबी. 'मान्तेकिया' म्हणजे लोणी. एका अक्षराने पानात काय येतं ते बदलतं. तिसरा प्रकार 'मान्तेका वेहेताल', म्हणजे आपला डालडा, तो चालतो. म्हणून कुणी 'मान्तेका आहे' म्हणालं की लगेच उठू नका, 'दे सेर्दो ओ वेहेताल?' (डुकराची की वनस्पती?) असं विचारा.

'हे शाकाहारी आहे का?' असा प्रश्न विचारू नका. 'कार्ने' (मांस) या शब्दात विचारणाऱ्याच्या मनात सगळं मांस असतं, ऐकणाऱ्याच्या मनात फक्त गाय-डुक्कर. कोंबडी, हॅम आणि रस्सा त्यात धरत नाहीत. त्यात कुणाची लबाडी नसते, शब्दाचा आवाका वेगळा आहे. म्हणून नावं घेऊन सांगा:

'नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पावो, नि हामोन, नि पेस्कादो.' (मांस, कोंबडी, टर्की, हॅम, मासे खात नाही.) टर्की विसरू नका, युकातानमध्ये ती सगळ्यावर भुरभुरतात.

'लोस फ्रिहोलेस तिएनेन मान्तेका दे सेर्दो?' (घेवड्यात डुकराची चरबी आहे?)

'एल अर्रोस येवा काल्दो दे पोयो?' (भातात कोंबडीचं पाणी आहे?)

'सिन ऊएबो, पोर फावोर.' (अंड्याशिवाय, कृपया.)

हे कागदावर लिहून खिशात ठेवा. गर्दीच्या वेळी विचारलंत तर उत्तर घाईत 'नो' येतं. दुपारी १ च्या सुमारास, गर्दीआधी जा, स्वयंपाक करणारी बाईच समोर असते आणि तिला नेमकं माहीत असतं. चौकाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या बाजारगाळ्यांत घरगुती खानावळी ओळीने आहेत, तिथे हे जमतं.

आता पदार्थ एकेक. मक्याची तोर्तिया (पातळ भाकरी) निर्धास्त खा: मका, चुन्याची निवळी, पाणी, बस. मैद्याच्या तोर्तियात ('आरिना') बहुधा चरबी असते. परतलेला, गाळलेला काळा घेवडा संशयित. भांड्यातला साधा उकडलेला घेवडा त्यापेक्षा बरा, तरी त्यात मांसाचा तुकडा नाही ना हे विचारा. तमालेस (पानात गुंडाळून वाफवलेलं मक्याचं पीठ) जवळजवळ नेहमीच चरबीचे. लिंबाचं सूप म्हणून येणारं 'सोपा दे लिमा' हे कोंबडीचं सूप आहे.

पानुचोची करामत पाहण्यासारखी आहे. तव्यावर फुलक्यासारखी टम्म फुगलेली छोटी तोर्तिया कडेला चिरतात, त्या खिशात घेवड्याचं वाटण भरतात आणि तळतात. वर टर्की घालतात. तुम्ही 'सोलो आवाकाते, तोमाते इ सेबोया' (फक्त अवाकाडो, टोमॅटो, कांदा) म्हणा. पण घेवडा आणि तळणीचं तेल या दोन्हींचा प्रश्न उरतो, आणि तीच कढई मांसालाही वापरतात. कडक पाळणाऱ्यांनी तळलेलं सगळंच सोडावं.

पोल्कानेस हा शाकाहारी माणसाचा खरा मित्र. मक्याच्या पिठाच्या लांबट वड्यात 'इबेस' (पावट्याच्या जातीचं पांढरं कडधान्य), भाजलेल्या भोपळ्याच्या बियांची पूड आणि कांद्याची पात. नावाचा अर्थ सापाचं डोकं, आकारावरून. तेलाचं तेवढं विचारा.

सिकिल पाक ही भोपळ्याच्या बियांची चटणी. कारळ्याच्या चटणीवर वाढलेल्या माणसाला ती पहिल्या घासात ओळखीची वाटते. बिया, भाजलेले टोमॅटो, कोथिंबीर, आबानेरो मिरची. चरबी नाही, अंडं नाही, दूध नाही.

आणि पापाद्सूलेस. तोर्तिया भोपळ्याच्या बियांच्या हिरव्या सारात बुडवून, आत उकडलेलं अंडं भरून गुंडाळतात, वर टोमॅटोचा रस्सा. अंडं नको असेल तर बटाटा किंवा चाया भाजी भरून मागा. पापाद्सूल म्हणून जुने लोक ते मान्य करणार नाहीत, चव मात्र सारात आहे. घरी करायचं तर चौघांसाठी २५० ग्रॅम सोललेल्या हिरव्या बिया मंद आचेवर भाजा. तडतडायला लागल्या की उतरवा, तांबूस झाल्या तर सार कडू आणि खाकी होतं. अगदी बारीक दळा. दोन कप पाण्यात एपासोतेची (उग्र वासाची मेक्सिकन पालेभाजी) काडी आणि मीठ उकळा. एपासोते अमेरिकेतल्या मेक्सिकन किराणा दुकानात मिळतं. आता पूड परातीत घेऊन ते गरम पाणी चमचा-चमचा शिंपडत कणकेसारखी मळा. काही मिनिटांनी गोळा चमकायला लागतो आणि दाबला की कडेने हिरवं तेल सुटतं. ते वाटीत काढून ठेवा, शेवटी वरून सोडायला. मग उरलेलं पाणी घालून गोळा सैल करा आणि मंद आचेवर फक्त कोमट करा. उकळी आली की सार फुटलंच, पाणी आणि चोथा वेगळे होतात आणि परत जुळत नाहीत.

चाया ही पालकासारखी पालेभाजी सरबतातही घालतात. विकत घेऊन स्वतः करणार असाल तर कच्ची खाऊ नका, पानांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. पंधरा-वीस मिनिटं उघड्या भांड्यात उकळा, ॲल्युमिनियमच्या नाही.

टेबलावरच्या वाटीतली आबानेरोची साल्सा (पातळ चटणी) आधी थेंबभर. 'आम्ही कोल्हापूरचे' हा आत्मविश्वास इथे कामाचा नाही. तोंड भाजलंच तर पाणी पिऊ नका, तोर्तियाला मीठ लावून चावा. एका साल्साचं माया नाव श्नीपेक, म्हणजे कुत्र्याचं नाक: खाल्ल्यावर तुमचंही तसंच ओलं होतं.

दुसरी सकाळ: बाजार

चौकातून पूर्वेला चार गल्ल्या, काये ३२. आठच्या आत पोचा. पांढऱ्या, भरतकाम केलेल्या उईपिल घातलेल्या माया बाया जमिनीवर वाटे मांडून बसतात. इथे मराठी माणसाला गंमत वाटते: 'सारामुयो' म्हणजे आपलं सीताफळ, 'सापोते' (चिको सापोते) म्हणजे चिकू, आणि 'हामाइका'चं लाल सरबत अंबाडीच्या बोंडांचं. सीताफळ आणि चिकू या अमेरिकी मातीतून आपल्याकडे आले.

तोर्तिया तोर्तियेरियात वजनावर घ्या. 'उन क्वार्तो' म्हटलं की पाव किलो, दोघांच्या नाश्त्याला पुरे. त्यासोबत पिकलेला अवाकाडो, टोमॅटो, लिंबू, मीठ आणि खिकामाचे (पांढरा, करकरीत कंद) काप: चरबीचा प्रश्नच येत नाही असं हे जेवण चौकातल्या बाकावर बसून होतं. तोर्तिया कागदात गुंडाळलेल्या ठेवा, प्लास्टिकमध्ये घाम सुटून चिकटतात. फळं सोलून खायची घ्या. टोमॅटो जारच्या पाण्याने धुवा, कापलेली फळं ठेल्यावरून घेऊ नका.

परतताना काये ४० वरच्या कासा दे लोस वेनादोस या खासगी घरात मेक्सिकन लोककलेचा मोठा संग्रह आहे, सकाळी १० च्या सुमारास दाखवतात. वेळ आदल्या दिवशी दारावर विचारा.

संध्याकाळी चौकात मार्केसिताच्या गाड्या लागतात: कुरकुरीत गुंडाळी, आत किसलेलं एदाम चीज आणि गोड काहीतरी. पिठात अंडं असतं, चीजमध्ये बहुधा प्राणिज रेनेट (वासराच्या जठरातून काढलेलं विरजण). ते चालत नसेल तर नारळाचं पाण्यावरचं सरबती आइस्क्रीम घ्या. 'दे आग्वा' म्हणजे पाण्याचं, 'दे लेचे' म्हणजे दुधाचं.

पैसे आणि परतीचं घड्याळ

डॉलरचं चिन्ह इथे पेसो या मेक्सिकन चलनासाठीही वापरतात. पाटीवरचा आकडा पेसोतलाच धरा आणि कुणी डॉलर म्हणालं तर आधी नक्की करून घ्या. २० आणि ५० पेसोच्या नोटा जवळ ठेवा, बाजारात ५०० ची नोट सुटी होत नाही. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत: 'ला क्वेन्ता, पोर फावोर'. हॉटेलात १० ते १५ टक्के टीप.

कान्कूनहून विमान असेल तर एक तास जास्तीचा धरा. कान्कूनचं किंताना रो राज्य युकातानच्या एक तास पुढे आहे. सकाळी ८ ला सुटलेली अडीच तासांची बस तिथल्या घड्याळात ११.३० ला पोचते. फोन ही वेळ सीमेवर आपोआप बदलतो, मनगटी घड्याळ बदलत नाही.